मोहफुलांचे मद्य (चंद्रपूर व गडचिरोली)

मोहफुलांचे मद्य किंवा मोहाची दारू हे मोह या वृक्षाची गोड, मांसल फुले आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून तयार केले जाणारे मद्य आहे. मध्य भारतातील वनप्रदेशात ते सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गोंड, माडिया, कोलाम, परधान आदी आदिवासी समाजांच्या विधींशी त्याचा निकटचा संबंध आहे, तसेच बिगर-आदिवासी खेड्यांतही ते गाळले व विकले जाते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तर चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 ते 2021 या काळात होती. त्यामुळे या मद्याचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात त्याच्या नियमनाचाही इतिहास आहे. फुले गोळा करणे कायदेशीर, त्याच फुलांचे आसव औषध म्हणून कायदेशीर, मात्र घरच्या चुलीवर काढलेला त्यांचा अर्क गुन्हा, अशी स्थिती येथे दीर्घकाळ राहिली आहे.

मोहवृक्ष आणि फुलांचा हंगाम

मोह (शास्त्रीय नाव: मधुका लाँगिफोलिया) हा सॅपोटेसी म्हणजे चिकूच्या कुळातील मोठा वृक्ष आहे. संस्कृतात त्याला मधूक म्हणतात. दीर्घ ऊकाराचा हा मधूक आणि ऱ्हस्व उकाराचा मधुक (ज्येष्ठमध) यांची गल्लत जुन्या ग्रंथांच्या वाचनात वारंवार होते. तेलुगूत या झाडाला इप्प म्हणतात. तेलंगणच्या सीमेवरील सिरोंचा भागात मद्यासाठी ‘इप्प सारा’ हे नावही ऐकू येते.

पानगळ झाल्यानंतर, साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फिकट पिवळसर पाकळ्यांचा जाड, रसाळ पुंज उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत गळून जमिनीवर पडतो. म्हणून फुलवेचणी पहाटे सुरू होते. ही कामे मुख्यतः स्त्रिया व मुले करतात. अनेक गावांत कोणत्या झाडाखाली कोणत्या कुटुंबाने वेचायचे हे वहिवाटीने ठरलेले असते. शेतासाठी रान मोकळे करतानाही मोहाचे झाड सहसा तोडले जात नाही, त्यामुळे धुऱ्यांवर व शेतांच्या मधोमध जुने मोह उभे दिसतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय मात्र उन्हाळ्यातील वणव्यांचे एक प्रमुख कारण ठरली आहे. वन विभाग त्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरण्याचा आग्रह धरतो. अस्वलांनाही ही फुले प्रिय असल्याने आणि वेचणीची वेळ पहाटेची असल्याने वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांच्या घटना या हंगामात वाढतात. ताडोबाच्या आसपासच्या व ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघाचा धोकाही असतो.

गोळा केलेली फुले तीन-चार दिवस उन्हात वाळवली की ती आकसून तांबूस-तपकिरी होतात आणि बेदाण्यासारखी दिसू लागतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग साखरेचा असतो. याच कारणाने ती आधी अन्न आहेत व नंतर मद्याचा कच्चा माल. ती भाजून, उकडून, पिठात मळून भाकरीत, लाडवांत किंवा चिंचोक्यांबरोबर शिजवून खाल्ली जातात. दुष्काळी वर्षांत त्यांनी अनेक घरे तारली आहेत. फळांना टोळ म्हणतात. त्यांतील बियांचे तेल खाण्यासाठी, दिव्यासाठी व अंगाला लावण्यासाठी वापरले जाते.

सडवा आणि पहिली धार

मद्य करण्यासाठी वाळलेली फुले पाण्यात भिजवून मडक्यात किंवा पिंपात झाकून ठेवतात. फुलांवर नैसर्गिकरीत्या असलेले व जुन्या भांड्यात उरलेले किण्व (यीस्ट) साखरेचे मद्यार्कात व कर्बवायूत रूपांतर करते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, थंडीत त्याहून उशिरा फेस ओसरतो व आंबट-गोड वास येतो. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत येणारा ‘मोहसडवा’ तो हाच. किण्वाला स्वतः तयार केलेला मद्यार्क फार प्रमाणात सोसत नाही. साधारण 12 ते 15 टक्क्यांच्या आसपास त्याची क्रिया थांबते. याहून तीव्र मद्य हवे असेल तर ऊर्ध्वपातन अपरिहार्य ठरते.

पारंपरिक भट्टीची रचना साधी असते. चुलीवर सडव्याचे भांडे, त्यावर बुडाला छिद्रे असलेले दुसरे मडके, त्याच्या आत अर्क झेलणारे लहान भांडे आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले भांडे. सांधे ओल्या मातीने किंवा कापडाने लिंपून घेतात. मद्यार्क 78 अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो, म्हणजे पाण्याच्या आधी. त्यामुळे सुरुवातीच्या वाफेत त्याचे प्रमाण अधिक असते. ही वाफ वरच्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबाने खाली उतरते. वरचे पाणी तापले की ते बदलावे लागते. किती वेळा पाणी बदलले यावरून गाळणाऱ्याला अर्काची तीव्रता कळते, कारण जसजसा वेळ जातो तसतसे पाण्याचे प्रमाण वाढत जाते. ‘पहिल्या धारेची’ या मराठी शब्दप्रयोगामागे हेच भौतिकशास्त्र आहे. दुसऱ्या पद्धतीत वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या मडक्यात नेतात. थोडा अर्क आगीवर टाकून तो पेट घेतो का, हे पाहण्याचीही रीत आहे. मोजमापाची साधने नसल्याने एका घरच्या व दुसऱ्या घरच्या मद्यात, इतकेच नव्हे तर एकाच दिवशीच्या दोन बाटल्यांतही मोठा फरक पडतो.

विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या हातभट्ट्यांमध्ये मोहफुलांबरोबर काळा गूळ, नवसागर आणि कधी युरिया मिसळला जातो. त्यामुळे सडवा लवकर तयार होतो, पण मद्य आरोग्यास अधिक अपायकारक बनते. विषारी दारूकांडांचे कारण सहसा याहून वेगळे असते. 2015 साली मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक मृत्यू झाले ते औद्योगिक मिथेनॉल असलेल्या दारूमुळे. फुलांचे ‘शुद्ध’ मद्य निरुपद्रवी असते, ही समजूतही चुकीची आहे. त्यातील इथेनॉल कारखान्यातील मद्यातल्या इथेनॉलहून वेगळे नसते आणि यकृतावरील, अपघातांतील व कर्करोगातील त्याचा वाटा तोच राहतो.

आसव, अरिष्ट आणि टिंक्चर

मोहफुलांचा औषधी वापर आयुर्वेदात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 84 आसवांची गणना केली असून त्यांत फुलांपासूनची दहा आसवे आहेत. मधूक व धातकी या दोन्ही फुलांचा त्या दहांत समावेश होतो. ग्रहणीच्या (पचनाच्या जुनाट विकाराच्या) चिकित्सेत मधूकासव सांगितले आहे. धातकी म्हणजे मराठीतील धायटी. हे लाल फुलांचे झुडूप मध्य भारताच्या पानगळी जंगलांत मोहाच्या शेजारीच वाढते. बहुतेक आसवारिष्टांत धायटीची फुले किण्वनासाठी घातली जातात. फुलांतील मध व त्यावरील किण्व यांमुळे आंबण्याची क्रिया सुरू होते. वनौषधी म्हणून धायटीच्या फुलांना असलेल्या मागणीचे हे मुख्य कारण आहे.

आसवात वनस्पती न उकळता, तर अरिष्टात तिचा काढा करून, गूळ किंवा मध घालून मिश्रण आंबवतात. मद्यार्क औषधाच्या भांड्यातच तयार होतो, बाहेरून घातला जात नाही, आणि ऊर्ध्वपातन होत नाही. म्हणून त्याचे प्रमाण सामान्यतः 5 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असते. टिंक्चर ही पाश्चात्त्य पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तेथे आधीच ऊर्ध्वपातित केलेल्या तीव्र मद्यार्कात वनस्पती भिजत ठेवून तिचे घटक त्यात उतरवून घेतात. कडू मुळे, साली व फळांच्या सालींपासून अशा रीतीने केलेल्या पाचक अर्कांना बिटर्स म्हणतात. योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टराने व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा येथे 1824 साली तयार केलेले बिटर्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्यात मद्यार्क सुमारे 45 टक्के, म्हणजे अनेक दारूंहून जास्त असतो. तरीही ते थेंबांच्या मापाने वापरले जात असल्याने व अत्यंत कडू असल्याने अनेक देशांत ते मद्य मानले जात नाही.

कडूपणाचा हा मुद्दा भारतीय कायद्यातही महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 मध्ये मादक पेयांच्या बंदीचे मार्गदर्शक तत्त्व सांगताना औषधी प्रयोजन वगळले आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 मध्ये मात्र ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधनेही तिच्या कक्षेत येत. सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात अशा औषधी व प्रसाधनद्रव्यांपुरत्या तरतुदी अवैध ठरवल्या व कायद्याचा उर्वरित भाग कायम ठेवला. त्यानंतर झालेल्या दुरुस्तीने ‘मादक मद्य म्हणून वापरण्यास अयोग्य’ असलेल्या औषधांना सूट मिळाली आणि एखादे द्रव्य तसे आहे काय हे सांगण्यासाठी तज्ज्ञ मंडळाची तरतूद झाली. थोडक्यात, जे कोणी आवडीने पिणार नाही ते औषध. दारूबंदीच्या काळात आल्याच्या टिंक्चरसारखी द्रव्ये नशेसाठी प्यायली गेली, तेव्हा या कसोटीची मर्यादा उघड झाली. चंद्रपूर व गडचिरोलीच्या दृष्टीने तिचा परिणाम असा की सीलबंद बाटलीतील, परवाना क्रमांक छापलेले आसव औषधांच्या दुकानात मिळते. जंगलातील वैदू किंवा पुजारी ज्या अर्कात मुळी उगाळतो, त्याला मात्र ‘औषधी’ हे विशेषण कायद्याने मिळण्याचा मार्ग नाही.

विधी आणि सामाजिक स्थान

गोंड व माडिया समाजांत मोहाचे मद्य हे प्रथम देवाचे व पूर्वजांचे असते. जन्म, विवाह, मृत्यू आणि पेन (देव) यांच्या पूजेत मद्याचे काही थेंब जमिनीवर सांडल्याखेरीज विधी पूर्ण होत नाही. विवाहाची बोलणी पक्की होणे, दंड भरून तंटा मिटणे यांवरही त्याच्याच साक्षीने शिक्कामोर्तब होते. नव्या हंगामातील रानमेवा देवाला दाखवण्यापूर्वी खाऊ नये असा दंडक असून त्यासाठी होणाऱ्या सणांना पंडुम म्हणतात. मोहफुलांचाही असा पंडुम असतो.

या प्रदेशातील सर्वच मादक पेये मोहाची नसतात. भामरागड-एटापल्ली भागात माडिया लोक गोरगा या ताडवर्गीय झाडाचा रस काढून पितात, तर अन्यत्र शिंदी व ताडीचा रस घेतला जातो. हे रस ऊर्ध्वपातित नसल्याने त्यांची तीव्रता फार कमी असते. मोहाच्या मद्याविषयीच्या चर्चेत हा फरक बहुधा सुटून जातो.

मद्याच्या अर्थकारणात स्त्रियांचे स्थान दुहेरी आहे. फुले त्याच वेचतात, अनेक ठिकाणी गाळण्याचे व विकण्याचे कामही त्याच करतात. विधवा किंवा एकट्या स्त्रीला शेतीबाहेरची ही एकमेव रोकड कमाई असू शकते. दारूमुळे होणारी मारहाण आणि घरातील धान्य-पैशाची नासाडीही त्यांच्याच वाट्याला येते, आणि दारूविरोधी आंदोलनांचे नेतृत्वही बव्हंशी त्यांनीच केले आहे.

वसाहतकाळ

आजचे दोन्ही जिल्हे मिळून ब्रिटिश काळातील चांदा जिल्हा होता व तो मध्य प्रांतात मोडत असे. मध्य प्रांतात गाळल्या जाणाऱ्या मद्याचा मुख्य कच्चा माल मोहफूल हाच होता. अबकारी कर वसूल करण्यासाठी सरकारने एकीकडे ठरावीक क्षेत्रातील भट्टीचा मक्ता लिलावाने देण्याची आणि दुसरीकडे सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीत मद्य गाळून तीव्रतेनुसार कर घेण्याची पद्धत अवलंबली. दोन्ही पद्धतींत घरगुती गाळप हा महसुलाचा तोटा ठरला आणि तो दंडनीय झाला. मुंबई इलाख्यात तर 1892 मध्ये ठाणे व कुलाबा भागांसाठी खुद्द फुलांच्या साठवणीवर निर्बंध आणणारा कायदा झाला. फुलांवरील या पहाऱ्याची सुरुवात नैतिक कारणांपेक्षा महसुलाच्या हिशेबातून झाली, हे नमूद करणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारे ॲसिटोन तयार करण्याच्या कामी नाशिक येथे याच फुलांचा वापर करण्यात आला होता.

1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर चांदा जिल्हा मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला आणि कालांतराने 1949 चा दारूबंदी अधिनियम येथे लागू झाला. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला.

गडचिरोलीतील दारूबंदी

गडचिरोलीत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात दारूविरोधी चळवळ उभी राहिली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था, मेंढा (लेखा) येथील देवाजी तोफा यांच्यासारखे गावपातळीवरील नेते आणि अनेक गावांतील महिला त्यात सहभागी होत्या. या चळवळीचा रोख प्रामुख्याने परवानाधारक दुकानांवर होता. आदिवासींच्या विधींचा दाखला देत शासनच बाटलीबंद दारूची विक्री वाढवत आहे, हा तिचा आक्षेप होता. 1993 मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. 2016 पासून राज्य शासन, सर्च व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम राबवण्यात आला. त्यात गावसंघटना, व्यसनमुक्ती उपचार व अवैध विक्रीवरील कारवाई यांवर भर होता.

येथे एक बाब बहुधा दुर्लक्षित राहते. दारूबंदीने बंद झाली ती परवान्याची विक्री. घरगुती मोहाची दारू 1993 पूर्वीही बेकायदा होती व नंतरही तशीच राहिली. दुकाने बंद झाल्यावर मागणीचा काही भाग शेजारच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून येणाऱ्या चोरट्या दारूकडे, तर काही गावठी भट्ट्यांकडे वळला. ज्या अर्काचे प्रयोजन पूर्वी विधीपुरते होते, त्याची अनेक गावांत रोजची विक्री सुरू झाली. दारूबंदीचे समर्थक यावर अंमलबजावणी व गावसंघटना बळकट करण्याचा उपाय सांगतात. टीकाकारांच्या मते पोलीस कारवाईचा भार मोठ्या पुरवठादारांपेक्षा चार किलो फुले भिजवणाऱ्या बाईवर अधिक पडतो.

चंद्रपूरचा प्रयोग

शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेने व महिलांनी दीर्घकाळ मोर्चे काढून बंदीची मागणी लावून धरली. 1 एप्रिल 2015 पासून तेथे दारूबंदी लागू झाली. वर्धा (1975), गडचिरोली व चंद्रपूर असा सलग तीन जिल्ह्यांचा दारूबंद पट्टा त्यामुळे तयार झाला. 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध विक्री व गुन्हेगारीतील वाढ आणि त्या व्यवहारात स्त्रिया व मुलांचा होणारा वापर ही कारणे शासनाने दिली. बंदीच्या समर्थकांनी ती अंमलबजावणीच्या अपयशाची कारणे आहेत, धोरणाच्या अपयशाची नव्हेत, असा प्रतिवाद केला.

महाराष्ट्रात अन्यत्र गावातील परवानाधारक दुकान मतदानाने बंद करता येते. मतपत्रिकेवर उभी व आडवी बाटली अशी चिन्हे असल्याने ‘आडवी बाटली’ हा शब्द रूढ झाला आहे. मोहाची हातभट्टी या मतदानाच्या कक्षेत येत नाही, कारण तिला उभी करणारा परवानाच नसतो.

ग्रामसभेचे अधिकार

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्याने (पेसा) ग्रामसभेला दोन अधिकार एकाच कलमात लागोपाठ दिले आहेत. पहिला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा ते नियंत्रित करण्याचा, दुसरा गौण वनोपजाच्या मालकीचा. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही मोहफुलांसह गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी एक आहे. फुलांचा मालक व मद्याचा नियंता ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच सभेकडे येतात. मात्र ‘नियंत्रित करण्याच्या’ अधिकारात मर्यादित घरगुती गाळपाला परवानगी देणे बसते काय, हा प्रश्न राज्याच्या दारूबंदी कायद्याशी थेट भिडतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना घरगुती वापरासाठी ठरावीक मर्यादेत मद्य गाळण्याची मुभा आहे. त्यामुळे सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या, परस्परांत सोयरिक असलेल्या माडिया कुटुंबांना एकाच विधीसाठी वेगवेगळे कायदे लागू होतात.

फुलांचा बाजार

वाळलेल्या मोहफुलांची केंद्र शासनाने ठरवलेली किमान आधारभूत किंमत 2020 मध्ये किलोला 17 रुपयांवरून 30 रुपये करण्यात आली. व्यवहारात हंगामात भाव पडतो व पावसाळ्यात चढतो. साठवणीची सोय नसलेल्या कुटुंबाने उन्हाळ्यात विकलेली फुले काही महिन्यांनी तेच कुटुंब चढ्या दराने विकत घेते, असेही घडते. 2021 मध्ये राज्य शासनाने फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. 2022 मध्ये काजूबोंडे व मोहफुले यांसारख्या स्थानिक फळाफुलांपासूनच्या मद्याला देशी मद्याऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात स्थान देण्याचे धोरण मंत्रिमंडळाने मान्य केले. मध्य प्रदेशाने याच सुमारास मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून परवाने देण्यास सुरुवात केली.

या धोरणांचा लाभ परवाना, यंत्रसामग्री व कर भरण्याची ऐपत असलेल्या उत्पादकाला मिळू शकतो. गडचिरोलीत दारूबंदी कायम असल्याने तेथील फुले जिल्ह्याबाहेर मद्य होण्यासाठी जाऊ शकतात, पण जिल्ह्यात त्यांचे मद्य करता येत नाही. दरम्यान, काही महिला बचत गट मोहफुलांचे लाडू, सरबत, जॅम व मनुके यांसारखे पदार्थ तयार करून विकतात. किलोमागे मिळणारी त्यांची किंमत कच्च्या फुलांपेक्षा बरीच जास्त असते, परंतु विक्रीचे प्रमाण अद्याप मर्यादित आहे.